अलॉय घेताना: इंच आणि होल एवढ्यावर भागत नाही

अलॉय व्हील बसवायला येणारे बहुतेक ग्राहक दोन गोष्टी ठरवूनच येतात: पंधरा इंच आणि चार होल. गोची होते ती तिसऱ्या आकड्यामुळे, आणि तो लक्षात येईपर्यंत टायर चढवून झालेला असतो. एकदा टायर चढलेलं व्हील सहसा कोणी परत घेत नाही.

तो आकडा म्हणजे ऑफसेट. व्हीलच्या रुंदीचा मध्य आणि हबला (गाडीच्या ज्या भागावर व्हील नटांनी आवळतात त्याला) टेकणारा भाग यांच्यातलं हे अंतर. व्हीलच्या मागच्या बाजूला 'ईटी ४५' असं उठवलेलं असतं, म्हणजे ऑफसेट ४५ मिमी. समजा, कंपनीचं व्हील ६ इंच रुंद, ईटी ४५ आहे आणि तुम्ही फोटो आवडला म्हणून ७ इंची, ईटी ३५ घेतलं. रुंदीचे १२.७ मिमी आणि ऑफसेटचे १० मिमी मिळून बाहेरची कड जवळजवळ २३ मिमी बाहेर येते. उभी गाडी झकास दिसते. पण पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन खंबाटकी घाटातल्या एखाद्या खड्ड्यात मागचं चाक आदळलं, की टायर फेंडरच्या कडेला घासतो. उलट ऑफसेट फार जास्त असेल तर टायर आतून स्ट्रटला, म्हणजे सस्पेन्शनच्या उभ्या दांड्याला लागतो. मग स्पेसर, म्हणजे हब आणि व्हीलच्या मध्ये घालायची चकती, टाका म्हणून आग्रह होतो. स्पेसरमुळे नट स्टडवर कमी आटे धरतो, म्हणून आम्ही ते काम घेत नाही.

होलचंही तसंच. चार होल १०० पीसीडीला (होलच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मिमीत) असतात, तसेच १०८ लाही. डोळ्याला फरक कळत नाही, व्हील मात्र स्टडवर नीट बसत नाही. सेंटर बोर, म्हणजे व्हीलच्या मधलं भोक, हबपेक्षा मोठा असेल तर ती फट भरणारी मापाची हब रिंग लागते. ती नसली तर ८०-९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक पुन्हा पुन्हा बॅलन्सिंग करत बसतात.

टायरमध्ये बाहेरचा व्यास सांभाळायचा. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला कंपनी १६५/८० आर १४ (रुंदी मिमीत, टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, मग व्हीलचे इंच) देते, वरच्याला १८५/६५ आर १५. दोन्हींचा व्यास ६२० मिमीच्या आसपास. त्याच पंधरा इंची व्हीलवर २०५/६५ घातला तर व्यास चार टक्क्यांनी वाढतो, मीटर तेवढा वेग कमी दाखवतो आणि पिकअप मंदावतो. लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको: ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ८२ म्हणजे ४७५.

टायर चढवण्याआधी आम्ही नुसतं व्हील पुढे आणि मागे लावून बघतो. पुढे ब्रेक कॅलिपरला किती जागा राहते ते तपासतो. मग एकाच व्हीलवर टायर चढवून स्टिअरिंग दोन्हीकडे फुल लॉक फिरवतो. टायर आणि स्ट्रटच्या मध्ये बोट सहज गेलं पाहिजे. याला वेळ जातो, ग्राहक घाई करतात, तरी ही तपासणी आम्ही सोडत नाही. उरलेली तीन व्हील त्यानंतरच. आमच्याकडून घेतलेल्या सेटला ट्रायल, हब रिंग आणि बॅलन्सिंग किमतीतच धरलेलं असतं. बाहेरून आणलेल्या व्हीलचीही ट्रायल करतो, फक्त मजुरी वेगळी.

येताना स्टेपनी डिकीत असू द्या. ती मूळ मापाची असेल तर मागच्या बाजूचे आकडे तिच्यावरच वाचता येतात. सेकंडहँड सेट ठरवत असाल तर पैसे देण्याआधी व्हीलच्या मागच्या बाजूचा फोटो आम्हाला व्हॉट्सअॅपवर पाठवा. बसेल की नाही ते सांगायचे पैसे घेत नाही.