अडकलेली घाण आणि बाहेर गेलेली घाण

खाऱ्या पाण्याची टाकी पहिल्यांदाच मांडणारे बहुतेक जण विचारतात, “कोणता फिल्टर घेऊ?” त्यावर माझा उलट प्रश्न असतो: माशांना आज जे खायला घालाल, ते शेवटी टाकीबाहेर कुठून जाणार आहे? याचं उत्तर ठरलं की फिल्टर आपोआप ठरतो. ते ठरवलं नाही, तर कितीही महागडं यंत्र आणलं तरी पाणी नितळ दिसत राहतं आणि मासे मात्र मलूल होत जातात.

स्पंजने विष्ठा आणि उरलेलं खाणं पकडलं की आपल्याला वाटतं, घाण गेली. ती गेलेली नसते. स्पंजमधून तेच पाणी वाहत असतं आणि त्यातच ती घाण कुजत असते. टाकीतून फिल्टरच्या डब्यात गेली, एवढाच काय तो फरक.

शिवाय सर्वांत घातक गोष्ट स्पंजमध्ये अडकतच नाही. माशाच्या शरीरातला टाकाऊ नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात, तोही बहुतांश कल्ल्यांवाटे, थेट पाण्यात उतरतो. पाण्यात अमोनियाची दोन रूपं असतात, एक बरंचसं निरुपद्रवी आणि दुसरं जहाल. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्लता-अल्कतेचं माप, जितका चढा, तितका जहाल रूपाचा वाटा मोठा. पीएच ७ असलेल्या गोड्या पाण्यात हा वाटा जेमतेम अर्धा टक्का असतो. समुद्राच्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असल्याने तिथे तो दहा पटींहून अधिक होतो. म्हणून गोड्या पाण्यात खपून गेलेला हलगर्जीपणा खाऱ्या पाण्यात माशाच्या जिवावर बेततो.

या अमोनियाचा बंदोबस्त सूक्ष्मजीव करतात. काही जीव अमोनियाचं नायट्राइट करतात, तर नायट्रोस्पायरासारखे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया पचवणारे ते जिवाणूच, असं फार काळ मानलं जात होतं. पण २००५ मध्ये सिअ‍ॅटल अ‍ॅक्वेरियममधल्या एका समुद्री टाकीतून संशोधकांनी नायट्रोसोप्युमिलस नावाचा जीव वेगळा काढला. तो जिवाणू नव्हे, तर आर्किया या निराळ्याच कुळातला निघाला. त्याचे भाईबंद महासागरात अफाट संख्येने आहेत, हेही पुढे स्पष्ट झालं. समुद्राचं एवढं मोठं गुपित एका टाकीत सापडावं, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

या जीवांना दोनच गोष्टी लागतात: चिकटून राहायला जागा आणि भरपूर ऑक्सिजन. अमोनियातल्या १ मिलिग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट करायला सुमारे साडेचार मिलिग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. खाऱ्या पाण्यात मुळात तो कमी विरघळतो. २५ अंश सेल्सियसला गोड्या पाण्याच्या एका लिटरमध्ये ८.३ मिलिग्रॅम मावतो, तर समुद्राच्या पाण्यात ६.८ च्या आसपास. म्हणूनच बंद डब्याच्या कॅनिस्टर फिल्टरबाबत मी सावध असतो. वीज गेली की आतल्या पाण्यातला ऑक्सिजन काही तासांत संपतो, जिवाणू गुदमरतात आणि वीज आल्यावर तेच कुजकं पाणी टाकीत परततं. कॅनिस्टर वाईट नाही. पण दर आठवड्याला उघडून धुवायची तयारी असेल तरच तो घ्यावा. धुतानाही टाकीतून काढलेलंच पाणी वापरावं, कारण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन जिवाणूंना मारतं.

समजा, जिवाणू उत्तम चालले आहेत. तरी नायट्रेट साठतच राहतं. इथे लाइव्ह रॉक, म्हणजे सजीवांनी भरलेला सच्छिद्र खडक, मदतीला येतो. खडकाच्या बाहेरच्या थरात ऑक्सिजन असतो, तिथे अमोनिया पचतो. आत खोलवर ऑक्सिजन जवळपास नसतो. तिथले जिवाणू नायट्रेटमधला ऑक्सिजन वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. ही खरी सुटका. इंडोनेशियाच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्येच जिवंत खडक आणि हवेचे बुडबुडे यांच्या बळावर समुद्री टाक्या चालवण्याची पद्धत मांडली होती. कोरडा खडक घेतलात तरी चालतो, फक्त तो वसायला वेळ लागतो. पहिला मासा सोडण्याआधी चार ते सहा आठवडे थांबणं आणि अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आल्याची चाचणी करणं मी अजिबात सोडू देणार नाही.

आता माझं आवडतं यंत्र, प्रोटीन स्किमर. लाटा फुटतात तिथे किनाऱ्यावर पिवळसर फेस जमतो, तो तुम्ही पाहिला असेल. स्किमर तोच फेस एका नळकांड्यात तयार करतो. प्रथिनं आणि अनेक सेंद्रिय रेणूंचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं पाण्यापासून पळतं. हवा आणि पाणी जिथे भेटतात, तिथे या दोन्ही टोकांची सोय होते, म्हणून हे रेणू बुडबुड्यांच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. फेस वर चढतो आणि पेल्यात तपकिरी, उग्र वासाचं पाणी जमतं. मग पेला मोरीत रिकामा करायचा. गोड्या पाण्यात हे एवढ्या छान जमत नाही, कारण तिथे बुडबुडे एकमेकांना टेकले की मिसळून मोठे होतात आणि भर्रकन वर निघून जातात. मिठाच्या पाण्यात ते बारीकच राहतात, म्हणून एकूण पृष्ठभाग प्रचंड मिळतो. सगळ्या उपकरणांत स्किमरचं वेगळेपण हे की, घाण कुजून अमोनिया होण्याआधीच तो तिला पाण्याबाहेर नेतो, आणि वर पाण्यात ऑक्सिजनही मिसळतो. मात्र पाण्यात उतरलेला अमोनिया किंवा नायट्रेट त्याला काढता येत नाही. नवा स्किमर सुरुवातीचे काही दिवस वेड्यासारखा फेस काढतो किंवा अजिबात काढत नाही. तेवढ्यात तो परत करायला धावू नये.

बाकीची साधनं गरजेपुरती. अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन पाण्याचा पिवळेपणा आणि वास ओढून घेतो, पण औषधही ओढतो. त्यामुळे उपचाराच्या वेळी तो काढून ठेवावा. फॉस्फेट वाढून शेवाळ माजत असेल, तर लोहाच्या ऑक्साइडचे दाणे उपयोगी पडतात. कापडी गाळणी पिशवी दोन-तीन दिवसांत बदलणार असाल तरच लावा.

पाणी बदलण्याचं गणित मात्र नीट पाहा. दर आठवड्याला नायट्रेट लिटरमागे २ मिलिग्रॅमने वाढत असेल आणि तुम्ही दहा टक्के पाणी बदलत असाल, तर पातळी चढत चढत बदलण्याआधी २० वर जाऊन थांबते. वीस टक्के बदललं, तर १० वर. म्हणजे दुप्पट पाणी बदललं की पातळी निम्मी. साठ-सत्तर लिटरच्या लहान टाकीत एक-दोन छोटे मासे असतील, तर मी स्किमरऐवजी खडक आणि आठवड्याला वीस टक्के ताजं खारं पाणी, एवढंच सुचवेन. दोनशे लिटरपुढे किंवा भरपूर खाणारे मासे असतील, तर स्किमर हवाच, आणि तो टाकीखालच्या जोडटाकीत, म्हणजे सम्पमध्ये, बसवलेला बरा.

सम्प बसवलात, तर मासे आणण्याआधी एकदा मुद्दाम, सम्पमधलं पाणी वरच्या टाकीत चढवणारा पंप बंद करून पाहा. वरच्या टाकीतलं बरंच पाणी खाली उतरतं. ते थांबेपर्यंत तिथेच उभे राहा, आणि सम्पमध्ये पाणी जिथवर चढलं तिथे खूण करा. पंप चालू असताना सम्प किती भरायचा, ते त्या खुणेवरून ठरवा.