पाणी कुठवर आलंय?

२०२१ च्या जुलैत सांगलीत कृष्णेचं पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर चढलं. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका, हे आकडे इथल्या पोरासोरांनाही पाठ असतात. दोनच वर्षांपूर्वी हे पाणी साडेसत्तावन्न फुटांवर गेलेलं सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे या वेळी गावभागातली, म्हणजे नदीकाठच्या जुन्या वस्तीतली, माणसं लवकर बाहेर पडली. आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही अजून नुसतं ‘सर’ म्हणतो, बाईंना घेऊन विश्रामबागेत आमच्याकडे राहायला आले.

दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याने पाठवलेला घराचा फोटो सरांनी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली एक ओळ: ‘पाणी तिसऱ्या पायरीवर. आम्ही सुखरूप आहोत.’ त्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचं उत्तर आलं: ‘नदीच्या उरावर घरं बांधायची आणि दरवर्षी फोटो टाकून रडायचं. मदत लाटायची सवय लागलीय गावभागाला.’

पुढच्या पंधरा मिनिटांत मेसेजांचा नुसता खच पडला. कुणी त्याची लायकी काढली, कुणी त्याच्या बापापर्यंत पोचलं, कुणी म्हणालं आधी याला ग्रुपमधून हाकला. मीही चार झणझणीत ओळी लिहून ठेवल्या होत्या. तेवढ्यात सरांनी चष्मा लावला, एका बोटाने टाइप केलं आणि पाठवलं: ‘तुझ्याकडे पाणी कुठवर आलंय रे?’

ग्रुप गप्प झाला. त्या मुलाचं ‘टायपिंग’ दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. समोरासमोर कधी तोंडातून निघणार नाहीत असे शब्द फोनवर इतके सहज का निघतात आणि त्यांना कोणतं उत्तर खरोखर लागू पडतं, यावर गेल्या वीसेक वर्षांत बरंच चांगलं संशोधन झालं आहे. त्या ओळीनंतर मी ते नव्याने वाचायला घेतलं.

सुरुवात सुराची. आपण मेसेज लिहितो तेव्हा मनात आपलाच आवाज चालू असतो, त्यातला लाडिकपणा, खोच, थट्टा आपल्याला ऐकू येते. वाचणाऱ्याच्या हाती नुसती अक्षरं पडतात. जस्टिन क्रुगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये हे मोजलं. काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधाने समोरच्यापर्यंत पोचवायची होती, कधी ईमेलने तर कधी आवाजाने. पाठवणाऱ्यांना वाटलं की कोणत्याही मार्गाने पाठवलं तरी शंभरातल्या सुमारे ७८ वेळा आपला सूर ओळखला जाईल. आवाजातून तो ७३ टक्के वेळा ओळखला गेला, ईमेलमधून ५६ टक्के. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० टक्के बरोबर आलं असतं. विशेष म्हणजे वाचणाऱ्यांनाही आपण सूर अचूक पकडलाय अशी खात्री होती. आपल्याला बोचलेल्या किती ओळी मुळात बोचण्यासाठी लिहिल्याच नसतील, हा विचार मला त्या आकड्यांपाशी थांबवतो.

पण सगळे काही गैरसमज नसतात. त्या मुलाची ओळ बोचण्यासाठीच लिहिलेली होती. अशा ओळींचं कारण सांगताना लोक पहिल्यांदा निनावीपणाकडे बोट दाखवतात: नाव लपलं की जीभ सुटते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये ऑनलाइन संकोच गळून पडण्याची जी कारणं मांडली, त्यांत निनावीपणा होताच, पण त्यासोबत समोरचा न दिसणं आणि उत्तर ताबडतोब न येणंही होतं. आमच्या ग्रुपवर तर सगळे नावागावासकट, एका बाकावर बसलेले. मग जीभ का सुटली? हैफा विद्यापीठातल्या नोआम लापिडोट-लेफ्लर आणि अझी बराक यांनी २०१२ मध्ये हे घटक वेगळे काढून पाहिले. अनोळखी लोकांच्या जोड्यांना एका वादाच्या विषयावर चॅट करायला लावलं. काहींना एकमेकांची नावं माहीत, काहींना नाहीत. काहींना समोरचा दिसतो, काहींना नाही. आणि काही जोड्यांत डोळ्याला डोळा भिडेल अशी व्यवस्था. शिवीगाळ आणि धमकीची भाषा सर्वांत जास्त बांधलेली निघाली ती नजर न भिडण्याशी. नाव माहीत असणं-नसणं त्यापुढे फिकं पडलं.

हे वाचलं आणि मला आमचं मार्केट यार्ड आठवलं. हळदीच्या सौद्यात आवाज चढतात, हातवारे होतात, बघणाऱ्याला वाटावं आता जुंपणार. जुंपत नाही. समोरच्याचा चेहरा क्षणाक्षणाला सांगत असतो की आता पुरे, आता लागलं त्याला. स्क्रीनवर तो इशारा पोचतच नाही.

आता लिहिणारा माणूस कसा असतो? आपण म्हणतो, काही जणांची वृत्तीच वाईट. जस्टिन चेंग आणि स्टॅनफर्ड-कॉर्नेलच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ६६७ लोकांवर प्रयोग केला. आधी एक चाचणी दिली, काहींना सोपी, काहींना मुद्दाम अवघड, म्हणजे मूड बिघडावा. मग एक लेख वाचून त्याखाली मत लिहायचं. काहींना वर आधीच खवचट शेरे दिसत होते, काहींना सरळ प्रतिक्रिया. मूड ठीक आणि वरची चर्चा सरळ असेल तर ३५ टक्के लोकांनी त्रासदायक काहीतरी लिहिलं. मूड बिघडलेला आणि वर कडवट शेरे, तेव्हा ६८ टक्के. माणसं सर्वसाधारण तशीच होती. दिवस वाईट गेला होता आणि वरचा माणूस वाईट बोलला होता, एवढंच.

याच्या उलट बाजूचं एक संशोधनही खरं आहे. डेन्मार्कच्या ऑर्हूस विद्यापीठातल्या अलेक्झांडर बोर आणि मायकेल बांग पीटरसन यांना २०२२ मध्ये असं आढळलं की राजकीय वादांत ऑनलाइन आक्रमक असणारे बरेचसे लोक प्रत्यक्षातही तसेच असतात. फरक इतकाच की ऑनलाइन त्यांचं वागणं सगळ्यांना दिसतं. मला दोन्ही निष्कर्ष एकमेकांना खोडणारे वाटत नाहीत. काही जण ठरवून विष पेरतात. त्यांच्यामुळे चर्चा कडवट होते आणि मग वाईट दिवस गेलेला आपल्यातलाच कुणीतरी त्यात ओढला जातो. हा दुसरा माणूस संवादाने परत आणता येतो, आणि माझी सगळी काळजी त्याच्यासाठी आहे.

‘जे मनात आहे ते बोलून टाकलं की हलकं वाटतं’ ही समजूत इथे आड येते. ब्रॅड बुशमन यांनी २००२ मध्ये ६०० विद्यार्थ्यांना निबंध लिहायला लावले आणि त्यांवर अत्यंत अपमानकारक शेरे दिले. मग काहींना शेरा देणाऱ्याचा विचार करत पंचिंग बॅग बडवायला सांगितलं, काहींना व्यायाम म्हणून बडवायला, आणि काहींना नुसतं शांत बसवलं. त्या माणसाला आठवत बॅग बडवणाऱ्यांचा राग सर्वांत जास्त राहिला, आणि संधी मिळाल्यावर तेच सर्वांत आक्रमक वागले. काहीच न करता बसलेले सर्वांत कमी. माझ्या त्या चार झणझणीत ओळी म्हणजे माझी पंचिंग बॅग होती. पाठवल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत मी अजून चार लिहिल्या असत्या.

गप्प बसायचं नसेल तर लिहायचं काय? झुरिचमधल्या संशोधकांनी (प्रमुख डोमिनिक हँगार्टनर) २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण तो प्रयोगशाळेत झाला नाही, खऱ्याखुऱ्या ट्विटरवर झाला. वंशद्वेषी किंवा परकीयद्वेषी मजकूर लिहिणारे १,३५० इंग्रजी भाषक वापरकर्ते निवडले. काहींना विनोदी उत्तर दिलं. काहींना बजावलं की तुमचं हे लिहिणं घरचे, ओळखीचेही पाहू शकतात. काहींना सांगितलं की ज्यांच्याबद्दल तुम्ही हे लिहिलंय त्यांना वाचून फार वेदना होतात. उरलेल्यांना काहीच उत्तर नाही. पुढचे चार आठवडे त्यांच्या लिहिण्यावर लक्ष ठेवलं. विनोदाचा ठोस परिणाम दिसला नाही, इशाऱ्याचाही नाही. वेदनेची जाणीव देणारं उत्तर मिळालेल्यांनी मात्र जुना द्वेषपूर्ण मजकूर काहीसा जास्त काढून टाकला आणि नवाही थोडा कमी लिहिला.

परिणाम लहान होता, हे संशोधकांनी स्वच्छ सांगितलंय. पण अनोळखी माणसाने पाठवलेली एकच ओळ होती ती! औषधाची इतकी छोटी मात्रा आणि तीही रोग्याने न मागितलेली.

विनोदाचं वाचून मी जरा खट्टू झाले. शालजोडीतला लगावण्याचं आपल्याकडे केवढं कौतुक! ग्रुपवर एखाद्याने तसा लगावला की बाकीचे टाळ्या वाजवतात. पण त्या टाळ्या बाकीच्यांच्या असतात. ज्याला लागला तो आणखी आत, आपल्या कवचात जातो.

या प्रयोगातली आणखी एक गोष्ट सहज निसटते. उत्तर देणारे स्वतः त्या द्वेषाचं लक्ष्य नव्हते, तिसरेच होते. म्हणजे जिच्यावर गलिच्छ शेरे पडताहेत त्या मुलीनेच समंजसपणा दाखवावा, अशी अपेक्षा यातून निघत नाही. तशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. हे काम बघणाऱ्यांचं आहे. आणि जिथे धमकी आहे, पाठलाग आहे, जमाव भडकवणं आहे, तिथे स्क्रीनशॉट घ्यावा, तक्रार करावी, सायबर पोलिसांकडे जावं. सप्टेंबर २०२३ मध्ये शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या आक्षेपार्ह मजकुरावरून दंगल पेटली आणि एका तरुणाचा जीव गेला. त्या टप्प्याला आल्यावर संवाद पुरत नाही, म्हणून तो फार आधी, चार माणसांच्या ग्रुपवर असतानाच सुरू व्हावा लागतो.

संवाद म्हणजे वाद जिंकणं नव्हे, याचाही पुरावा आहे. डेव्हिड ब्रूकमन आणि जोशुआ काला यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मायामीत स्वयंसेवक दारोदार गेले आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींबद्दल लोकांशी सुमारे दहा मिनिटं बोलले. आकडेवारी फेकली नाही. तुम्हाला कधी वेगळं पाडलं गेलंय का, असं विचारलं आणि ऐकून घेतलं. पूर्वग्रह कमी झाले आणि तो बदल तीन महिन्यांनंतरही टिकून होता. नंतरच्या अभ्यासात त्यांना दिसलं की निवाडा न करता एकमेकांचे अनुभव सांगणं-ऐकणं हाच त्यातला जिवंत भाग. तो काढून नुसते युक्तिवाद ठेवले तर परिणाम उरत नाही.

यासाठी आधी स्वतःचा राग आवरावा लागतो, आणि तो गिळून आवरत नाही. मॅथ्यू लिबरमन यांनी २००७ मध्ये ३० जणांच्या मेंदूचे स्कॅन घेतले. रागीट किंवा घाबरलेले चेहरे दाखवून त्या भावनेला शब्द द्यायला सांगितलं, तेव्हा मेंदूतल्या अमिग्डाला या धोक्याची चाहूल घेणाऱ्या भागाची हालचाल मंदावली आणि कपाळामागच्या, आवर घालणाऱ्या भागाची वाढली. मी आता पाठवण्याआधी स्वतःशी म्हणते: मला अपमान वाटलाय. कधी कधी तेवढ्यावर मेसेज पुसला जातो.

त्या दिवशी उत्तर आलं, पण ग्रुपवर नाही. सरांचा फोन वाजला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून स्पीकर चालू होता. मुलगा पुण्यात नोकरीला. आई पलूस तालुक्यात, भिलवडीला, एकटी. गल्लीत पाणी शिरलेलं आणि ती बोटीत बसायला तयार नाही. २०१९ च्या पुरात जवळच्याच ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, तेव्हापासून बोट म्हटलं की ती थरथरते. रस्ते बंद, हा तिकडे अडकलेला, सकाळपासून आईचा फोन लागत होता आणि कटत होता.

सर मध्ये फारसं बोलले नाहीत. ‘हं’ म्हणत राहिले. माडी आहे का, शेजारी कोण आहे, गोळ्या कुठल्या चालू आहेत, एवढं विचारलं.

शेवटी तो म्हणाला, “सर, मी ते काय लिहून बसलो. काढून टाकतो.”

“ते बघू नंतर,” सर म्हणाले. “आईचा नंबर सांग. बाई बोलतील तिच्याशी.”

बाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि जुलैच्या पानामागे आकडे उतरवून घेतले.