'काइंड ऑफ ब्लू' पहिल्याच टेकमध्ये झाला?

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बममधली प्रत्येक रचना पहिल्याच टेकमध्ये, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या पहिल्याच प्रयत्नात, उतरली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. न्यूयॉर्कच्या ३०व्या रस्त्यावरच्या कोलंबिया स्टुडिओत २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ला ध्वनिमुद्रण झालं. 'सो व्हॉट'चा तिसरा टेक रेकॉर्डवर आहे, 'ब्लू इन ग्रीन'चा पाचवा. आधीचे टेक सुरुवातीलाच तुटले. पहिला 'पूर्ण' टेक निवडला गेला, एवढंच खरं. त्यालाही 'फ्लेमेन्को स्केचेस' अपवाद: पहिला टेक पूर्ण झाला होता, तरी सहावा घेतला. नंतरच्या आवृत्त्यांत दोन्ही आहेत, लागोपाठ जरूर ऐका. तेच पाच स्केल (स्वरमालिका), पण सॅक्सोफोनवादक जॉन कोल्टरेनचा सोलो संपूर्ण वेगळा. या वादकांची थोरवी तिथे कळते!

जुन्या एलपीची पहिली बाजू मात्र जपून ऐका. ती मार्चच्या सत्रातली; तेव्हा मुख्य टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे रेकॉर्ड वाजवताना सूर चढा लागतो. पेटीवर पांढरी दोन धरून 'सो व्हॉट' लावा, फरक लगेच कळेल. १९९२पासून, त्याच वेळी चालू असलेल्या दुसऱ्या यंत्रावरच्या टेपवरून दुरुस्त आवृत्त्या निघाल्या.