साउथ बँक, १९५१ : इमारतींच्या मधली जमीन

लंडनमध्ये १९५१ च्या उन्हाळ्यात भरलेलं ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’ आज आठवलं जातं ते तिथल्या भव्य घुमटामुळे आणि स्कायलॉन या मनोऱ्यामुळे. माझ्या मते या प्रदर्शनाचं खरं मोठेपण इमारतींच्या मधल्या जागेत होतं.

निमित्त होतं शताब्दीचं. १८५१ साली हाइड पार्कात जोसेफ पॅक्स्टनच्या काचमहालात जगभरच्या मालाचं प्रदर्शन भरलं होतं. त्याची शंभरी साजरी करावी, ही सूचना रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सने युद्ध चालू असतानाच, १९४३ मध्ये केली. ‘न्यूज क्रॉनिकल’चे संपादक जेराल्ड बॅरी यांनी १९४५ मध्ये जाहीर पत्र लिहून ती उचलून धरली. आधी विचार आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाचा होता; तेवढा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून ते राष्ट्रीय झालं. मजूर सरकारातले हर्बर्ट मॉरिसन पाठीशी उभे राहिले, बॅरी महासंचालक झाले आणि १९४८ मध्ये वास्तुरचनेची सूत्रं ह्यू कॅसन यांच्याकडे आली. तेव्हा ते अवघ्या अडतीस वर्षांचे होते.

जागा मिळाली थेम्सच्या दक्षिण काठावर, काउंटी हॉल आणि वॉटर्लू पुलाच्या मध्ये. २७ एकर, म्हणजे जेमतेम दादरच्या शिवाजी पार्काएवढी. त्यातही चेरिंग क्रॉसला जाणारा रेल्वेमार्ग तिचे दोन तुकडे करत होता. इथे भव्य, समोरासमोर मांडलेली रचना शक्यच नव्हती. कॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुळांच्या एका अंगाला देशाची भूमी आणि दुसऱ्या अंगाला देशाची माणसं, अशी मांडणी केली. वाटा वळवल्या, पातळ्या वरखाली केल्या, समोरचं दृश्य अडवून ते पुढच्या वळणावर खुलं केलं. अठराव्या शतकातल्या इंग्रजी बागांची ही हातोटी शहरात आणावी, असा आग्रह ‘आर्किटेक्चरल रिव्ह्यू’ हे मासिक चाळीसच्या दशकात सतत धरत होतं. साउथ बँकवर ती पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या गर्दीसमोर आली.

बागांची जबाबदारी पीटर शेफर्ड, पीटर यंगमन, फ्रँक क्लार्क अशा मंडळींवर होती. शेफर्ड यांच्या ‘मोट गार्डन’मध्ये खंदकासारखं पाणी, त्यात मोठमोठे दगड आणि झुडपं होती. बसायची जागा आणि रहदारी यांच्यामध्ये कठडा घालायची गरजच उरली नाही. ते काम पाण्याने केलं. जमिनीचाही असाच वापर झाला. चालायचं तिथे सपाट फरशी, पाऊल पडू नये तिथे गोटे. माणसांना न दरडावता वाट दाखवणारी ही रचना मला घुमटाहून मोलाची वाटते.

घुमटही साधा नव्हता. राल्फ टब्ज यांनी तो ॲल्युमिनियमचा रचला. ३६५ फूट व्यासाचा, त्या काळी जगातला सर्वांत मोठा. पॉवेल आणि मोया यांचा सुमारे ३०० फूट उंचीचा स्कायलॉन पोलादी तारांवर असा तोललेला होता की तो अधांतरी वाटे. देशात तेव्हा पोलाद आणि लाकडाची टंचाई होती, मांसाचं रेशन चालू होतं. अर्नेस्ट रेस यांच्या खुर्च्याही बारीक पोलादी सळया वाकवून केलेल्या. या सगळ्यातला हलकेपणा काही अंशी त्या टंचाईतूनच आला.

४ मे ते ३० सप्टेंबर या काळात जवळपास ८५ लाख लोक साउथ बँकवर येऊन गेले. ऑक्टोबरात चर्चिल यांचा पक्ष सत्तेवर आला आणि मैदान मोकळं करायला सुरुवात झाली. स्कायलॉन आणि घुमट दोन्ही भंगारात गेले. कायमचं म्हणून बांधलेलं रॉयल फेस्टिव्हल हॉल तेवढं राहिलं.

माणसं मात्र पुढे गेली. इथलं ‘रिव्हरसाइड रेस्टॉरंट’ रचणारे जेन ड्रू आणि मॅक्सवेल फ्राय त्याच वर्षी चंदीगडच्या कामाला लागले. यंगमन यांनी पुढे मिल्टन कीन्स या नव्या शहराच्या आराखड्यात भूदृश्याची बाजू सांभाळली.