लाल गोळी आणि परळची प्रयोगशाळा

चौथा महिना लागला की उपकेंद्रातल्या नर्सबाई किंवा आशाताई बाईच्या हातात लाल गोळ्यांची पाकिटं ठेवतात. रोज एक घ्यायची, जेवणानंतर, चहाबरोबर मात्र नाही. बाळंत होईपर्यंत सहा महिने आणि त्यानंतर आणखी सहा महिने. 'रक्तवाढीची गोळी' हे तिचं घरोघरचं नाव. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. लोहाची हकिकत जुनी आहे आणि जगभर विखुरलेली आहे. फॉलिक ॲसिडची मात्र मुंबईच्या गिरणगावातून सुरू होते, आणि आपल्याकडेच ती फारशी कुणाला ठाऊक नसते.

गरोदरपणात रक्त कमी का पडतं, ते आधी पाहू. पोटातल्या बाळापर्यंत रक्त पोचवायचं तर आईच्या अंगातलं रक्त वाढायला हवं, आणि ते वाढतंही. पण त्यातला पातळ भाग, म्हणजे प्लाझ्मा, जवळजवळ निम्म्यानं वाढतो, तर तांबड्या पेशी तेवढ्या वाढत नाहीत. थोडं पातळ होणं म्हणूनच स्वाभाविक आहे. पण नऊ महिन्यांत बाळ, वार आणि आईचं वाढलेलं रक्त या सगळ्यांना मिळून साधारण एक ग्रॅम लोह लागतं. साठा आधीच रिकामा असेल तर ते येणार कुठून? हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की डॉक्टर 'रक्त कमी आहे' म्हणतात.

साठा रिकामा असल्याची एक खूण आपल्या आज्या-पणज्यांना चांगली माहीत होती, तिचा अर्थ माहीत नव्हता एवढंच. माती खावीशी वाटणं. चुलीची भाजकी माती, भिंतीचे पोपडे, कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल. असलं काही खावंसं वाटणं आणि अंगातलं लोह कमी असणं यांचा संबंध आज डॉक्टरांना ठाऊक आहे. कालिदासाच्या रघुवंशात तिसऱ्या सर्गाच्या सुरुवातीलाच गरोदर सुदक्षिणा राणीच्या तोंडाला मातीचा वास येतो, आणि दिलीप राजा तो कितीही हुंगला तरी तृप्त होत नाही. कवीला त्यात पृथ्वीचा भावी राजा दिसला. एखाद्या नर्सबाईला लोहाची कमतरता दिसली असती.

याच वासनांना आपण डोहाळे म्हणतो. शब्द संस्कृत 'दोहद'वरून आला. चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं, म्हणून बाई दोन हृदयांची, 'दौहृदिनी' होते, तिच्या इच्छा डावलू नयेत, असं सुश्रुत सांगतो. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर महिन्यामहिन्याचा आहारच दिला आहे. सुरुवात पहिल्या महिन्यात साध्या दुधापासून, मग औषधी घातलेलं दूध, पुढे लोणी, तूप. काठोकाठ भरलेलं तेलाचं भांडं न हिंदकळू देता न्यावं तशी गर्भिणीची काळजी घ्यावी, हा दृष्टान्त तिथलाच. पांडुरोगावर, म्हणजे अंगातलं रक्त कमी पडण्यावर, लोह आणि मंडूर, म्हणजे लोखंडाचा कीट, देण्याची चालही तिथे आहे. युरोपात ब्लॉ नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं लोहाची गोळी १८३२ मध्ये काढली.

अर्थात लोणी-तूप कुणाच्या ताटात पडत होतं हा प्रश्न उरतोच. घरोघरी चालत आलेलं शहाणपण नेमकं उलटं होतं: बेतानं खा, बाळ मोठं झालं तर सुटका अवघड होईल. पपई नको, हे उष्ण, ते वातूळ. सातव्यात एक दिवस झोपाळा, फुलांची वाडी, पाच पक्वान्नं; बाकीचे दिवस सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं. डोहाळजेवणाच्या गाण्यांत जेवढं कौतुक असतं तेवढं रोजच्या वाटीत असतं तर पुढची बरीच हकिकत घडलीच नसती, असं मला वाटतं.

या जुन्या ग्रंथांकडे डॉक्टरच्या नजरेनं पाहणारी पहिली मराठी बाई म्हणजे आनंदीबाई जोशी. १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात पदवीसाठी त्यांनी प्रबंध लिहिला तो 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र' याच विषयावर. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं मूल दहा दिवसांत गेलं होतं. पदवी घेऊन त्या परत आल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात वारल्या, त्यामुळे या विद्येचा उपयोग इथल्या बायकांना व्हायचा राहिलाच.

आता परळ. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापडगिरण्यांत साधारण पाच कामगारांमागे एक बाई होती, बहुतेक वाइंडिंग आणि रीलिंग खात्यात. दिवस भरत आले तरी काम चालू, कारण रजा म्हणजे पगार बुडाला. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिलाभाचं विधेयक आलं, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच्या बाजूनं भाषण केलं. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारनं उचलावा, पण बायकांच्या श्रमातून नफा घेणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. आंबेडकर तेव्हा परळच्याच बीआयटी चाळीत राहत होते. दोन जिवांच्या बायका भोंग्याबरोबर कामावर जाताना त्यांना रोज दिसत असणार. १९२९ मध्ये कायदा झाला. देशभर लागू होणारा प्रसूतिलाभ कायदा यायला १९६१ उजाडलं, आणि २६ आठवड्यांची रजा तर २०१७ मध्ये आली.

त्याच १९२८ साली लूसी विल्स ही चाळिशीतली इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकलेली, नंतर डॉक्टर झालेली, पण दवाखान्यापेक्षा प्रयोगशाळेत रमणारी. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन, म्हणजे आजच्या आयसीएमआरची पूर्वज संस्था, तेव्हा मातामृत्यूंची चौकशी करत होती. त्या कामात डॉ. मार्गारेट बाल्फर होत्या. गरोदर बायकांचा एक विचित्र पांडुरोग त्यांच्या नजरेत भरला होता. नेहमीच्या रक्तक्षयात तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. यात त्या संख्येनं कमी, पण आकारानं मोठ्या दिसत. लोह देऊन गुण येत नव्हता आणि बायका दगावत होत्या.

विल्स यांचं काम चाले परळच्या हाफकिन संस्थेत, गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात, जिथे प्लेगची लस तयार होत असे. तिथे बसून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली रक्त तर पाहिलंच, पण ताटंही पाहिली. कोण काय खातं, कुठे राहतं, घरात ऊन येतं का. मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची ही पाहणी १९३० मध्ये छापून आली, त्यावर विल्स यांच्या जोडीला तळपदे हे नाव आहे. गरीब, विशेषतः पडद्यात राहणाऱ्या मुसलमान बायकांत हा आजार जास्त दिसला. त्यांच्या जेवणात भाजीपाला आणि फळं जवळपास नव्हतीच. रोग जंतूतून येत असेल ही शंका तपासली गेली, पण बोट पुन्हा पुन्हा ताटाकडेच वळत होतं.

मग त्यांनी तसाच आहार दक्षिणेत निलगिरीतल्या कुन्नूरला उंदरांना दिला. गाभण उंदीर पांढरेफटक पडले. आहारात यीस्ट घातल्यावर ते टळलं. गंमत अशी, की उंदरांच्या त्या आजारामागे उवांतून पसरणारा बार्टोनेला हा जंतू असल्याचं नंतर निघालं. म्हणजे वाट चुकीची होती, पण तिनं पोचवलं बरोबर ठिकाणी. पुढे माकडांवर प्रयोग झाले आणि तिथे आहाराचा संबंध खरा ठरला. मार्माइट या यीस्टच्या अर्कानं ती बरी झाली. मार्माइट म्हणजे बिअरच्या भट्टीत उरलेल्या गाळापासून इंग्लंडात करतात तो काळा, खारट, पावाला लावायचा लगदा. मुंबईत तो विकत मिळे आणि महागही नव्हता. विल्स यांनी तो रोगी बायकांना दिला. चार-दोन दिवसांत रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले.

आणखी एक बारकावा त्यांनी टिपला होता आणि माझ्या मते खरी कमाल तीच. त्या काळी घातक पांडुरोगावर यकृताचा अर्क देत. विल्स यांच्या रुग्णांना कच्चा अर्क लागू पडे, शुद्ध केलेला पडत नसे. म्हणजे यकृतात दोन वेगळ्या गोष्टी होत्या, शुद्ध करताना राहणारी एक आणि निघून जाणारी एक. निघून जाणारीला बरीच वर्षं 'विल्स घटक' म्हणत. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तीच वेगळी काढली गेली आणि लॅटिन 'फोलियम', म्हणजे पान, यावरून तिला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. नावात पालेभाजी आहे, ती अशी. ते कारखान्यात बनवण्याची युक्ती साधली लेडर्ले कंपनीतल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या गटानं. सुब्बाराव आंध्रातल्या भीमवरमचे, आणि याच घटकाशी नातं असलेल्या स्प्रू या आतड्याच्या आजारानं त्यांचे भाऊ गेले होते. शुद्ध अर्कात मागे राहणारी दुसरी गोष्ट म्हणजे बी-१२ हे जीवनसत्त्व. ती १९४८ मध्ये सापडली. तिच्याकडे आपल्याला परत यायचं आहे.

लोह आणि फॉलिक ॲसिड एका गोळीत घालून ती गरोदर बायकांना देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला. तेव्हा १०० दिवस, ६० मिलिग्रॅम लोह. परिणाम दिसेना म्हणून नव्वदच्या दशकात लोह १०० वर नेलं. २०१८ च्या ॲनिमिया मुक्त भारत मोहिमेत ते पुन्हा ६० वर आणलं आणि दिवस १८० केले. पण पन्नास वर्षांनंतरही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ५२.२ टक्के गरोदर बायकांचं रक्त कमीच निघालं. १८० दिवस गोळ्या घेतल्याचं सांगणाऱ्या २६ टक्के. गोळीनं मळमळतं, पोट कडक होतं, शौचाला काळं होतं. हे अगोदर सांगितलं नाही तर बाई घाबरते आणि पाकीट फळीवर पडून राहतं. बी-१२ कमी असेल, पोटात जंत असतील तर नुसत्या लोहानं भागतही नाही.

दरम्यान १९९१ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलनं एका मोठ्या चाचणीचा निकाल दिला. ज्या आईला आधी पाठीच्या कण्याचा किंवा मेंदूचा दोष असलेलं मूल झालं होतं, तिनं दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं तर पुढच्या खेपेला हा धोका ७२ टक्क्यांनी घटतो. अडचण वेळेची आहे. बाळाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि पाठीचा कणा घडतो ती नळी, गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते, आणि तोवर पुष्कळदा आईला दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. पाळी चुकल्यावर नाव नोंदवायचं, पहिल्या तिमाहीत नुसतं फॉलिक ॲसिड, चौथ्यापासून लाल गोळी, सातव्यात डोहाळजेवण: या क्रमात मज्जानलिकेचा महिना कुठेच बसत नाही.

१९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रानं, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पुढाकारानं, बायकांना दिवस जाण्याआधीपासून पाहायला सुरुवात केली. शेतात राबणाऱ्या, सडपातळ बायका. त्यांच्या बाळांचा आकार एकूण किती उष्मांक पोटात गेले यापेक्षा पालेभाजी, फळं आणि दूध किती वेळा खाण्यात आलं याच्याशी जास्त जुळला. आणि रक्त तपासलं तेव्हा विल्स यांच्या मुंबईच्या अगदी उलटं चित्र: फोलेट, म्हणजे अन्नातलं आणि रक्तातलं फॉलिक ॲसिड, कमी असलेली आई एकच निघाली, पण दोन तृतीयांश मातांचं बी-१२ कमी होतं. दूध-दुभतं आणि सामिष दोन्ही ताटात बेताचंच, मग बी-१२ येणार कुठून? २००८ मध्ये याच अभ्यासातून दिसलं, की जिच्या रक्तात फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, तिच्या मुलांच्या अंगात सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वांत जास्त होती. मधुमेहाची पूर्वतयारीच म्हणायची. लाल गोळीत बी-१२ नाही.

मुंबईनं या प्रश्नाला आणखी एकदा हात घातला तो २००६ पासून, झोपडपट्ट्यांमधल्या साडेसहा हजारांहून जास्त बायकांना बरोबर घेऊन. या वेळी गोळी नव्हती, खाऊ होता. पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेले, समोसा-भज्यांच्या वळणाचे पदार्थ, रोज, दिवस राहण्याआधीपासून. प्रकल्पाचं नाव 'सरस'. सगळ्या बाळांचा मिळून हिशेब केला तर जन्माच्या वजनात ठळक फरक पडला नाही. ज्यांनी दिवस जाण्याआधी किमान तीन महिने तो खाल्ला होता त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनं जड भरली. आणि गरोदरपणातला मधुमेह खाऊ खाणाऱ्यांत ७.३ टक्के निघाला, इतर बायकांत १२.४ टक्के.

लवकरच दिवस राहू शकतील अशा बायका आधीच कळाव्यात कशा, हा प्रश्न खरं तर उरत नाही. गावातली 'योग्य जोडपी', म्हणजे मूल होण्याच्या वयातली नवरा-बायको, कोणती याची नोंदवही उपकेंद्रात कित्येक वर्षांपासून आहे. ती ठेवली जाते कुटुंबनियोजनासाठी.