लेपाखालचा फोड : पार्श्वभूमी

१७४८ मध्ये नोले या फ्रेंच पाद्र्याने मद्यार्काने काठोकाठ भरलेल्या भांड्याच्या तोंडावर डुकराचे मूत्राशय ताणून बांधले आणि ते भांडे पाण्यात बुडवून ठेवले. काही तासांनी पडदा टम्म फुगला होता. टाचणी टोचताच आतला द्रव कारंज्यासारखा उसळला. रंगवलेल्या पोलादावर ओलाव्याने येणाऱ्या फोडाचे मर्म या प्रयोगात होते, परंतु रंगाच्या व्यवसायात ते रुजायला पुढची जवळजवळ दोनशे वर्षे गेली.

तोवरची समजूत अशी, की रंग पाणी अडवतो आणि फोड आला म्हणजे थर पातळ पडला. जवसाच्या तेलात शेंदूर, म्हणजे शिशाचे लाल ऑक्साइड, खलून केलेला रंग पुलांवर आणि जहाजांवर चांगला टिके, म्हणून ती समजूतही टिकली. प्रत्यक्षात तेल आणि शिसे यांच्या संयोगातून तयार होणारी संयुगे तेथे गंज रोखून धरत होती. केंब्रिजमध्ये यू. आर. इव्हान्स यांनी गंजण्याचे विद्युत-रासायनिक स्वरूप उलगडले आणि तेथेच जे. ई. ओ. मेन यांनी १९५० च्या सुमारास दाखवून दिले, की रंगाच्या थरातून पाणी आणि प्राणवायू इतक्या सढळपणे आत जातात, की गंज चढायला त्यांची उणीव भासत नाही. लेप, म्हणजे रंगाचा हा थर, पोलादाला वाचवतो तो मुख्यतः क्षारांच्या आयनांची (विद्युतभारित कणांची) वाट अडवून.

एकदा हे मान्य केले, की फोडाचा उलगडा होतो. रंगवण्यापूर्वी पोलादावर मीठ राहिले असेल, तर आत झिरपलेल्या पाण्यात ते विरघळते. लेप नोलेच्या पडद्यासारखा वागतो, म्हणजे पाणी आत येऊ देतो पण विरघळलेले मीठ अडवतो, आणि परासरणाने बाहेरचे पाणी त्या खाऱ्या थेंबाकडे खेचले जाते. म्हणूनच गोड्या पाण्यात बुडालेल्या लेपावर खाऱ्या पाण्यातल्यापेक्षा लवकर फोड येतात, ही वरवर उलटी वाटणारी गोष्ट खरी आहे. ओल्या अवस्थेत लेपाची पकड किती उरते यावर स्टुटगार्टच्या वेर्नर फुंके यांनी भर दिला. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हाच सर्वांत दुर्लक्षित मुद्दा आहे, कारण पकड घट्ट असेल तर पाण्याला साचायला पोकळीच मिळत नाही.

फोड फोडून पाहिला, की त्याचे मूळ बरेचदा कळते. पोलादावरच्या काही फोडांतले पाणी लाल लिटमस निळा करते आणि खालचा धातू लखलखीत असतो: शेजारच्या ओरखड्यापाशी गंज चालू असताना येथे प्राणवायूच्या क्रियेतून अल्कली साचलेली असते आणि तिनेच लेप सोडवलेला असतो. फायबरग्लासच्या होड्यांवरच्या फोडांतून मात्र चिकट, आंबूस वासाचा द्रव निघतो, कारण तेथे काचतंतूंना बांधणारे पॉलिएस्टर रेझिनच पाण्याने विघटित होत असते.

या समजुतीला नियमाचे रूप आले ते डिसेंबर २००६ मध्ये. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने जहाजांच्या बॅलास्ट टाक्यांसाठी (तोल राखायला समुद्राचे पाणी भरतात त्या टाक्यांसाठी) इपॉक्सी या कृत्रिम रेझिनच्या लेपाची जाडी ३२० मायक्रॉन, म्हणजे सुमारे एक तृतीयांश मिलिमीटर, ठरवली, पंधरा वर्षे टिकण्याचे उद्दिष्ट ठेवले आणि रंगवण्यापूर्वी पोलादावर दर चौरस मीटरला ५० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मीठ नसावे अशी मर्यादा घातली. एवढे मीठ चिमटीतही जाणवणार नाही. कोकणासारख्या खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर उघड्यावर ठेवलेल्या पत्र्यांबाबत म्हणूनच नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही. ब्लास्टिंग झालेल्या, म्हणजे कठीण कणांच्या जोरदार माऱ्याने साफ केलेल्या, पत्र्यावर छोटी चिकटपट्टी लावतात, तिच्या पोकळीत सिरिंजने शुद्ध पाणी सोडून परत ओढतात आणि त्या पाण्याची विद्युतवाहकता मोजतात; मीठ जितके जास्त, तितकी ती अधिक. आकडा मर्यादेपलीकडे गेला, तर पत्रा पुन्हा धुवावा लागतो.