हिरवी रेघ जिथे पाटापाशी थांबते

लडाखमधल्या एखाद्या गावाकडे समोरच्या डोंगरावरून पाहा. एका आडव्या रेघेखाली सातूची शेतं, सफेद्याची उंच झाडं, जर्दाळूच्या बागा. रेघेच्या वर नुसता मुरूम आणि दगडगोटे. ती रेघ म्हणजे पाट, लडाखी भाषेत 'युरा'. पाणी उतारानंच वाहणार, म्हणून हिरवाई पाटाच्या वर हातभरही चढत नाही.

लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे. मोसमी वारे हिमालय ओलांडेपर्यंत जवळपास कोरडे झालेले असतात. त्यामुळे पाऊस आणि बर्फ मिळून इथे वर्षाला जेमतेम १०० मिलिमीटर पडतो. कोकणात जुलैच्या एका दिवसात एवढा सहज कोसळतो. लडाखची शेती पावसावर नाही, डोंगरमाथ्यावरच्या हिमावर चालते.

आणि नेमकी तिथेच अडचण आहे. हिमनद्या पाच हजार मीटरच्या वर. त्यांना भरपूर पाणी सुटायला जून उजाडतो. सातू मात्र एप्रिल-मेमध्येच पेरायला लागतो, कारण उन्हाळा छोटा. उशीर झाला तर दाणा भरायच्या आत थंडी गाठते. म्हणजे पाणी येतं, पण जरा उशिरा. या खोऱ्यातली सगळी हुशारी मला या एक-दीड महिन्याच्या फटीभोवती गुंफलेली दिसते.

वसंताच्या तोंडावर शेतातल्या बर्फावर लोक माती पसरतात. ताजा पांढरा बर्फ उन्हाचा ऐंशी टक्क्यांहून जास्त भाग परत फेकतो, काळपट माती ते ऊन शोषते. खालचा बर्फ लवकर वितळून जमिनीत मुरतो, नांगर लवकर घालता येतो. परावर्तनाचं भौतिकशास्त्र, तेही टोपलीभर मातीत!

आलेलं पाणी वाटायला गावानं नेमलेला 'चुरपोन' असतो. धुळे-नाशिककडे फड पद्धतीत पाटकरी जे काम करतो, तेच हे. कुणाची पाळी कधी, हे तो ठरवतो. शेतकरी फावडं घेऊन दारं धरतो: पाटाच्या काठचं गवताच्या मुळांनी बांधलेलं ढेकूळ उचललं की पाणी वाफ्यात शिरतं, वाफा भरला की तेच ढेकूळ परत चेपून बसवायचं. दिवसभराच्या उन्हानं वरचं हिम वितळतं, म्हणून ओढ्याला जोर येतो तो दुपार कलल्यावर.

फट बुजवण्याची मोठी युक्ती चेवांग नोरफेल या स्थापत्य अभियंत्याची. हिवाळ्यात नळ गोठू नयेत म्हणून पाणी सोडून ठेवलेलं असतं. ते झाडाच्या सावलीत थिजून साठलेलं त्यांनी पाहिलं. मग त्यांनी ओढ्याचं फुकट जाणारं पाणी सावलीच्या उतारावर वळवलं, दगडी बांधांनी संथ केलं आणि थर थर गोठू दिलं. १९८७ मध्ये फुकत्से गावात असा पहिला कृत्रिम हिमसाठा झाला. तो खऱ्या हिमनदीपेक्षा बराच खाली, म्हणून उबेत, म्हणून पेरणीच्या वेळीच वितळणारा. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

लडाखचेच अभियंते सोनम वांगचुक यांच्या 'हिमस्तूपा'चा, म्हणजे बर्फाच्या उंच शंकूचा, पहिला नमुना २०१३-१४ च्या हिवाळ्यात उभा राहिला. वरच्या ओढ्याचं पाणी जमिनीखालच्या नळातून खाली आणायचं. उंचीतल्या फरकाच्या दाबानंच ते कारंज्यासारखं उसळतं, पंप लागत नाही. कडाक्याच्या थंडीत थेंब गोठत शंकू वाढत जातो. शंकूच का? हिशोब करून पाहू. एक हजार घनमीटर बर्फ अर्धा मीटर जाडीनं पसरला तर दोन हजार चौरस मीटर पृष्ठभाग उन्हाला मिळतो. त्याचाच १५ मीटर उंच शंकू केला तर सव्वाचारशेच्या आसपास. शिवाय शून्य अंशावरचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला एवढी उष्णता लागते, की तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापेल. म्हणून सपाट बर्फ ओसरल्यावरही स्तूप तग धरतो.

यातून नवं पाणी तयार होत नाही, हे मात्र ध्यानात ठेवायला हवं. हिवाळ्यात वाहून जाणारं पाणी फक्त काही महिने अडतं. हिवाळ्यात ओढ्याला धारच उरली नाही, तर गोठवणार काय? खऱ्या हिमनद्या आटत चालल्या आहेत, म्हणून ही चिंता मला सतावते.

तोवर मे महिन्यात स्तूपाच्या पायथ्याशी थेंब थेंब गळत राहतं, त्याची धार होते, धार युऱ्यात उतरते आणि चुरपोन पहिल्या पाळीच्या शेतकऱ्याला हाक मारतो.